माहेरवाशीण गौर, मोगऱ्याची छाटणी आणि आपले गुडघे

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. वय ७२, यजमान ७७. पुढे छोटं अंगण, वर गच्ची, मिळून चाळीसेक कुंड्या. मुलगी बेंगळुरूला, मुलगा पुण्याला, नातवंडं तीन. सगळे पाडव्याच्या सुमाराला येतात, चार-सहा दिवस राहतात. त्या लिहितात: "बहुतेक वर्षी मुलं येतात तेव्हा मोगऱ्यावर नुसती पानं आणि हिरव्या बारीक कळ्या. ती परत गेली की आठ दिवसांत झाड पांढरंशुभ्र होतं आणि आम्ही दोघं फोटो पाठवत बसतो. २६ जानेवारीला हे न चुकता छाटणी करतात, तरी असं का? गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाळीस बायकांचं असायचं, तेही आता झेपत नाही. बाग आणि गौर, दोन्ही बंद करून टाकावं का?"

ताई, बंद काहीच करू नका. अर्धं करा.

आधी मोगऱ्याचं बघू, कारण तुमची खरी खंत तिथे आहे. "हे न चुकता २६ जानेवारीला छाटतात" या वाक्यातच सगळी भानगड आहे. सुट्टी असते, कात्री हाताशी असते, माझ्या बागकामाच्या वर्गातल्या निम्म्या काकांची छाटणी प्रजासत्ताक दिनालाच होते. पण २६ जानेवारी जागची हलत नाही आणि पाडवा हलतो. तोही थोडाथोडका नाही. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकायचं आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारायची, ही त्याची चाल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून २०२७ चा पाडवा जातो ७ एप्रिलला. झाडाला तिथी कळत नाही. त्याला कळते ती थंडी-ऊन आणि तुमची कात्री.

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या काडीवर तुम्ही कितीही खत ओता, ती पानं देत राहील. छाटणी झाली की डोळे फुटतात, कोवळी फांदी येते, तिच्या टोकाला कळ्यांचा झुबका. माझ्या अनुभवात जानेवारीच्या थंडीत छाटलेल्या कुंडीला कळी उमलायला आठ-नऊ आठवडे लागतात, तुमच्या नाशकात तर नऊच धरा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर छाटली तर ऊन वाढलेलं असतं, सहा-सात आठवड्यांत काम होतं. आता २६ जानेवारीपासून मोजा: मार्चचा शेवटचा आठवडा उजाडतो. पाडवा १९ तारखेला असला तर कळ्या हिरव्याच असणार.

उलटी फजितीही होते. २०२४ ची माझीच गोष्ट. बत्तीस वर्षं लोकांना बागकाम शिकवणारी मी, सवयीने १० जानेवारीला सगळ्या कुंड्या छाटून मोकळी झाले. १५ मार्चपासून असा बहर आला की शेजारणींना ओंजळी भरभरून वाटला. पाडवा ९ एप्रिलला. तोवर पहिला बहर ओसरलेला, दुसरा यायला वेळ. मधल्या रिकाम्या आठवड्यांत नेमकी माझी भाची आली. गौरीला शेवटी मंडईतून गजरा आणावा लागला. घरात अकरा मोगरे असताना.

तेव्हापासून माझा नियम: आधी तिकिटाची तारीख विचारायची, मग कात्री हातात घ्यायची. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुलं व्हायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी होतं. मोगऱ्यालाही साधारण तेवढेच दिवस लागतात. मुलीचा "आई, तिकीट काढलं" असा फोन आला की ठेवता ठेवता गच्चीवर जायचं.

आणि सगळ्या कुंड्या एका दिवशी छाटू नका. तुमच्याकडे चार मोगरे असतील तर दोन पाडव्याच्या हिशोबाने छाटा, दोन त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी. २०२७ साठी पहिल्या दोन १० फेब्रुवारीच्या आसपास आणि उरलेल्या महिनाअखेर. चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे तुमच्या हातात चांगला महिना असतो. नातवाची परीक्षा लांबली आणि मंडळी पंधरा दिवस उशिरा आली, तरी झाड तुमची लाज राखेल.

छाटायचं कसं, हे यजमानांना वाचून दाखवा. आधी आठ-दहा दिवस पाणी कमी करत आणायचं, पानं थोडी मलूल दिसेपर्यंत. कुंडी लवकर सुकते, जमिनीतल्या झाडासारखा महिनाभर ताण तिला देऊ नका, मरेल. मग वीत-दीड वीत काडी ठेवून बाकी वरून उतरवायचं. घाबरत घाबरत शेंडे खुडणं म्हणजे छाटणी नव्हे. वाळक्या, पेन्सिलच्या शिशाइतक्या बारीक काड्या मुळापासून काढा. उरलेली पानं हाताने ओरबाडू नका, देठाशी कात्री लावा. वरची दोन-तीन इंच माती उकरून मुळांना दोन दिवस ऊन दाखवा. मग दोन-तीन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मिळाली तर चिमूटभर लाकडाची राख, आणि भरपूर पाणी. युरियाच्या वाटेला जाऊ नका. पानांचं जंगल होईल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. ऊन सहा तासांचं हवं. चार तासांपेक्षा कमी ऊन असलेल्या बाल्कनीत मोगरा जगतो, फुलत नाही.

कळ्या धरल्या की रोज एक नजर टाका. एखादी कळी जांभळट पडली, बुडाशी बारीक भोक दिसलं, तर आत अळी आहे. ती कळी खुडून पिशवीत बांधून टाका, खाली मातीत नको. पहिल्या आठवड्यात अशा दहा-वीस कळ्या वेचल्या की सहसा फवारणीची वेळ येत नाही. बहर संपला की सुकलेल्या झुबक्याखाली पानांच्या दोन जोड्या सोडून टोक छाटा, दुसरा बहर वेळेत येतो.

आता गुडघे. मी माळीण आहे, डॉक्टर नाही, पण माझ्या वर्गातल्या बायकांचं सरासरी वय गेल्या काही वर्षांत माझ्याबरोबरच वाढलंय, त्यामुळे हा विषय मला चांगला ठाऊक आहे. चाळीस कुंड्या हे तुमचं मुख्य दुखणं आहे. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोची होते. ती कुणी हलवायची? तीन वेळा यजमान हलवतात, चौथ्या वेळी कंबर धरून बसतात.

बारा ठेवा. मी ठेवीन त्या सांगते: मोगरे चार (त्यातला एक मदनबाण, एक बट मोगरा), अनंत एक, जास्वंद एक, सोनचाफ्याचं कलम एक, तुळस, कढीपत्ता, गवती चहा आणि झेंडूसाठी दोन रिकाम्या. गुलाब सगळे देऊन टाका. मला माहीत आहे वाईट वाटेल. पण गुलाबाला सतत फवारणी लागते आणि काटे असतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने काट्यांशी खेळू नये. पेट्युनिया, पॅन्सी वगैरे थंडीचे पाहुणे मार्चमध्ये तसेही मान टाकतात. त्यांना जगवण्यासाठी उन्हात जीव काढू नका.

या बारा कुंड्या लोखंडी स्टँडवर चढवा. स्टँड दीड ते दोन फुटांचा, म्हणजे कुंडीचा काठ कमरेच्या जरा खाली येतो आणि उभ्यानेच खुरपणी होते. वेल्डिंगवाल्याला सांगून चार पाय जाड करून घ्या, हलणारा स्टँड नसलेला बरा. नवी कुंडी भरताना निम्मी माती आणि निम्मा कुजलेला पालापाचोळा व कोकोपीट घातलं तर वजन बरंच उतरतं. झारी पाच लिटरची असली तरी अर्धीच भरायची, दोन खेपा जास्त झाल्या तर झाल्या. सकाळी पाणी घालून गच्ची ओली असताना त्यावरून चालायचं नाही, हे मी २०१९ साली मनगट मोडून शिकले. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मातीला हात नको, डोळ्यात एक कण उडाला तरी महागात पडतं.

त्या मोडलेल्या मनगटाने मला एक गोष्ट मात्र फुकटात दिली, आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तेच वाटतं. त्याआधी मी काय करायचे? मंडळी यायच्या आदल्या दिवशी सगळं आटपून ठेवायचे. गुढीची काठी धुऊन, कडुलिंब आणून, हार ओवून, गजरे गुंफून, चटणी वाटून तयार. मग मंडळी यायची, "वा, काय छान" म्हणायची आणि हॉलमध्ये बसून फोन बघायची. मी मनात कुढायचे की कुणाला कशाची हौसच नाही. त्या वर्षी उजवा हात गळ्यात बांधलेला. नाइलाजाने सगळ्यांना कामाला लावलं. जावई कडुलिंबाची डहाळी आणायला कॉलनीभर हिंडला आणि येताना मोहोरासकट आणली. मुलीने चटणी वाटली, ओवा जास्त झाला. नातीने गजरा असा ओवला की आरशापर्यंत जाईस्तोवर निम्म्या कळ्या जमिनीवर. आज सहा-सात वर्षांनी त्या मुलीला आजीकडचा पाडवा म्हटलं की तोच आठवतो.

म्हणून काम शिल्लक ठेवा. मुद्दाम. पाहुण्यांना तयार ताट वाढायचं, लेकरांना वाढायचं नाही.

कोणती कामं ठेवायची? झेंडूपासून सुरू करू. दसऱ्याच्या तोरणातली चार फुलं वाळवून कागदात गुंडाळून ठेवा. पाडव्याच्या दोन महिने आधी त्यांच्या काळ्या काड्यांसारख्या बिया त्या दोन रिकाम्या कुंड्यांत पेरा. पाडव्याला गुढीच्या हारापुरती फुलं निघतात, तुरळक निघाली तरी मधे आंब्याची पानं घालून हार होतो. ती फुलं तुम्ही तोडू नका. तोडायला नातवंडं आहेत.

मोगऱ्याची वेळ संध्याकाळी पाचची. उन्हं कलली की दहा वर्षांच्या पोराच्या हातात वेताची परडी द्या आणि कोणती कळी तोडायची ते एकदाच नीट दाखवा. टपोरी झालेली, पूर्ण पांढरी, टोकाशी जरा सैल पडलेली कळी आज रात्री उमलणार. हिरवट झाक असलेली कळी तोडली तर ती परडीत तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते. मुलं पहिल्या दिवशी हिरव्या कळ्या तोडतातच, तोडू देत. रात्री आठ-साडेआठला परडीतल्या कोणत्या उघडल्या आणि कोणत्या रुसून बसल्या हे त्यांना स्वतः बघू दे. दुसऱ्या दिवशी चुकत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हालाच शिकवायला येतात.

गजरा सुईने ओवू नका, गुंफा. केळीचं सोपट मिळालं तर पाण्यात भिजवून त्याचा धागा काढा, नाहीतर जाड सुती दोरा ओला करून घ्या. दोन कळ्या देठाला देठ लावून एका बाजूला, दोन उलट्या तोंडाने दुसऱ्या बाजूला, आणि देठांवरून दोऱ्याचा फास ओढून घ्यायचा. फास जरा जास्त ओढला की देठ कचकन कापतो. बोटांना ते कळायला वीसेक फास जातात. हे बसून करायचं काम आहे, गुडघ्यांना त्रास नाही, आणि हात चालू असले की मुली आपोआप बोलायला लागतात. माझ्या बहिणीने तिच्या नोकरी सोडण्याची गोष्ट मला गजरा गुंफतानाच सांगितली. समोरासमोर बसून विचारलं असतं तर "काही नाही गं" म्हणाली असती.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिकडे या दिवसांत मोगऱ्याआधी सुरंगीचा मान. झाडाच्या फांद्यांना लगडलेली ती पिवळी-पांढरी फुलं उमलण्याआधी, भल्या पहाटे काढावी लागतात, आणि त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, वाळून तपकिरी झाले तरी कपाटात वास देत राहतात. आईच्या पातळांना तो वास असायचा. नाशकाच्या गच्चीवर सुरंगी लावायच्या फंदात पडू नका, ती कोकणातच शोभते. सांगायचं कारण इतकंच की मुलगी कधी त्या बाजूला गेली तर तिला वळेसर आणायला सांगा.

चैत्रगौरीचं म्हणाल तर चाळीस बायकांचं हळदीकुंकू हा काही शास्त्राचा नियम नाही. तो तुमच्या चाळिशीतल्या उत्साहाचा आकडा होता. गौर महिनाभर माहेरी येऊन झोपाळ्यावर बसते, बाकी सगळी हौस आपली. महिन्यातला एक मंगळवार किंवा शुक्रवार धरा, मुलगी घरात असेल तो. आठ जणी बोलवा. आरास म्हणून पायऱ्या, खेळणी, करंज्यांचे डोंगर काही नको. वेळ साधून छाटलेला मोगरा भरात असेल तर ती अख्खी कुंडी पुसून, मुलाकडून खाली उतरवून घेऊन गौरीच्या शेजारी ठेवा. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत कळ्या उमलायला लागतात, येणारी प्रत्येक बाई तिथेच थांबते. मी चार वर्षं हेच करतेय आणि अजून कुणी करंज्यांची चौकशी केलेली नाही.

कैरी उकडून तिचा गर गूळ-वेलदोडा घालून दोन दिवस आधी फ्रीजमध्ये ठेवा, आयत्या वेळी फक्त पाणी घालायचं. घरात मधुमेह असेल तर आपल्यापुरता गर गूळ घालण्याआधी बाजूला काढा, मीठ-जिरेपूड घालून तोही सुरेख लागतो. आंब्याच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ सकाळी भिजत टाका, चार-पाच तासांनी जावयाला मिक्सरपाशी उभं करा आणि "भरड ठेवा, पेस्ट नको" एवढंच सांगा. कैरीचा कीस, वरून हिंग-मोहरी-हळदीची सुक्या मिरच्या घातलेली फोडणी, झालं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायला नातीला बसवा. चैत्रांगण काढायला वाकता येत नसेल तर पाटावर काढा आणि पाट टेबलावर घ्या. गौर रागावत नाही.

नातवंडं लहान असतील तर ती यायच्या आधी एक फेरी बागेतून मारा. अंगणात पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी असेल तर खाली पडलेली फळं वेचून टाका. आपण लहानपणी त्या बियांशी खेळलो, पण ती फळं हृदयाला घातक विषारी आहेत. तांबडी-पांढरी कण्हेरही तशीच. डिफेनबाखिया घरात ठेवला असेल तर उंचावर न्या, पान चावलं तर जीभ सुजते. फुटपट्टी घेऊन सगळी बाग मोजायची नाही, ही तीन झाडं बघितली तरी पुष्कळ झालं.

एखादी संध्याकाळ घराबाहेरची ठेवा. एप्रिलअखेरीला बहावा पिवळा झालेला असतो, त्याच सुमाराला तामण जांभळ्या तुऱ्यांनी भरते. तामण हे आपलं राज्यपुष्प आहे हे निम्म्या मुलांना ठाऊक नसतं, मोठ्यांनाही नसतं. गाडीतून न उतरता बघता येतं, यजमानांना चालणं नको असेल तर तेही सोयीचं.

मंडळी गेल्यावर जो रितेपणा येतो त्याला माझ्याकडे खत नाही. पण एक काम सांगते, ते जूनचं आहे. पहिले दोन पाऊस झाले की मोगऱ्याची एक खालची, लवचीक फांदी निवडा. मधल्या भागाची पानं काढा, सालीला नखाने हलकी चीर द्या आणि तो भाग शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवा. टोक बाहेर राहू दे. दसऱ्यापर्यंत मुळं धरतात, मग आईपासून कापून वेगळी करायची. विमानाने परदेशी न्यायची असेल तर परवाने लागतात, तो नाद सोडा. पण बेंगळुरू-पुण्याला दिवाळीहून परतणाऱ्या गाडीत पायाशी कुंडी सहज मावते. कुंडीवर खडूने आत्ताच नाव लिहून ठेवा, नाहीतर पुण्याची सून आधी उचलेल आणि मुलगी मला पत्र लिहील.